तुलनेसाठी माती

अंबडला, प्लेटिंगच्या बंद कारखान्यामागे
मी आधी अंगठी काढते, मग घड्याळ.
चमचा प्लास्टिकचा. स्टीलचा चालत नाही,
स्टीलमध्येच क्रोमियम असतं,
आणि मोजणाऱ्याने आपल्या घरचं काही मिसळू नये
हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

यमाजी बेंडकोळी दोरी धरतो.
पाच पावलांवर खूण, पुन्हा पाच पावलांवर,
टाक्यांचे चौथरे होते तिथे जरा दाट.
शेड पाडून झालीय. उरलंय राबिट,
विटांचे तुकडे, एका अंगाने पिवळे,
हळद लागल्यासारखे.
यमाजी म्हणतो, "मॅडम, यांचं लगीन कुणाशी?"
मी हातमोजा चढवते. म्हणते, "पाण्याशी."

वरची पंधरा सेंटिमीटर, मग खालची पंधरा.
गिरमिट फिरतं तशी काळी माती निघते, मग मुरूम,
मग एक हिरवट थर
ज्याला मातीचा वास येत नाही.

ढिगाऱ्याचं काम वेगळं.
आठ जागचं गोळा करा, कांडा, चाळा,
शंकू रचा, शंकू दाबून भाकरी,
भाकरीचे चार चतकोर.
समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाकून द्या.
पुन्हा शंकू. पुन्हा भाकरी.
ट्रकभराची शेवटी एक मूठ होते
आणि तिने सगळ्यांच्या वतीने बोलायचं असतं.

वॉचमन गांगुर्डे विचारतात, भिंतीकडेच्या मेथीचं काय?
"रिपोर्ट येईपर्यंत खाऊ नका."
"खाऊन झाली. ही दुसरी पेर आहे."

शिवाय एक नमुना लांबचा लागतो,
जिथे काही घडलं नाही तिथला.
त्याच्याशी ताडून बाकीच्यांना दोषी ठरवायचं.
दिवस कलला होता, गाडीत डिझेल कमी होतं,
मी म्हटलं, आमच्याच अंगणातला घेऊ,
चुंचाळ्याला, पेरूच्या बुडातला.
आई म्हणाली, "आपली माती कशाला गं?"
"चांगली आहे म्हणून."
तिला बरं वाटलं. तिने यमाजीच्या चहात आलं किसून घातलं.

सातपूरच्या लॅबमध्ये बारा नळ्या, एका ओळीत.
थेंब पडला की सहा-संयुजी क्रोमियम लपत नाही,
बीट चिरल्यासारखा रंग सोडतो.
पहिली बीट. दुसरी बीट. सातवी फिकी.
अकरावी नुसती लाजलेली.
बारावीकडे मी बघतसुद्धा नव्हते.
नाझनीन म्हणाली, "हिच्यात पण काही टाकलंस का?"

मी काचेवर संशय घेतला,
चमच्यावर, पिशवीवर, चहाच्या कपावर.
पुन्हा केली.
पुन्हा बीट. थोडं पातळ, इतकंच.

मग आठवल्या त्या दोन ट्रॉल्या.
बाबा तेव्हा निकेलच्या लाइनवर,
कंपनीने क्रोमची जुनी टाकी फोडली
आणि भराव फुकट मिळतोय म्हणून
त्यांनी सुपरवायझरला पेढे दिले होते.
जोतं भरलं. उरलेलं अंगणात पसरलं.
मी आणि ताई त्यावर नाचून नाचून ते दाबत होतो.
खडू नव्हता. ठिक्करबिल्ल्याची घरं
मी पिवळ्या विटेने आखायचे,
आणि रेघ इतकी सुंदर उमटायची
की गल्लीतल्या पोरी तुकडे मागून न्यायच्या.

कुणाकुणाला दिले, ते आठवत बसले.
तीन नावं आठवली. चौथीचं आडनाव नाही.

फॉर्मवर रकाना आहे: तुलनेचा नमुना, ठिकाण.
तिथे मी आमचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट.
शेरा: बाद.

आई रोज विचारते, पास झाली का आपली माती?
मी म्हणते, अजून चाललंय.

उद्या पुन्हा निघायचंय, दुसरी माती शोधायला,
त्र्यंबकच्या अंगाला, जिथवर ट्रॉल्या गेल्या नसतील तिथवर.
यमाजीने विचारलं, किती लांब?
म्हटलं, टाकी फुल कर.